सगळ्यात लहान बोली

मैत्रिणींनो, पत्ते म्हटले की तुम्हाला काय आठवतं? मला आठवते मे महिन्याची सुट्टी आणि आजोळचं माजघर. दुपारी मोठी माणसं जरा आडवी झाली की आम्ही सतरंजीवर मेंढीकोटचा डाव मांडायचो. समोर बसतो तो आपला भिडू. आणि भिडूला खुणा करायच्या नाहीत असा नियम असला, तरी नाक खाजवलं की इस्पिक, कान ओढला की बदाम, हे आधीच ठरलेलं असायचं. पकडलं गेलं की रडारड, आणि मग आजीने येऊन सगळे पत्ते उचलून ठेवायचे.

पन्नाशीनंतर पुन्हा पत्ते हातात धरले ते इथे, वर्सोव्याला. सात बंगल्याच्या बाजूला राहायला आले तेव्हा कुणाची ओळख नव्हती. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी चार-सहा जणी आणि दोन-तीन काका ब्रिज खेळायला बसतात असं कळलं. मेंढीकोट येतो म्हणजे ब्रिज येईलच, अशा भाबड्या समजुतीने मीही जाऊन बसले. माझ्या भिडू होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. वय ब्याऐंशी, नजर घारीसारखी.

पहिल्याच दिवशी काकूंनी बोली लावली, एक किलवर. माझ्या हातात किलवरची चांगली पाच पानं होती. म्हटलं वा, जमलं की! आणि मी खुशीत पास म्हटलं. डाव संपला तेव्हा काकूंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्याकडे किलवरचं एकच पान होतं, तेही दुर्री. बाकी सगळे एक्के-राजे. आमचे हात झाले आठ, आणि गुण मिळाले नव्वद. हीच पानं नीट बोललो असतो तर चारशे मिळाले असते, असं शेजारच्या काकांनी हिशेब करून सांगितलं. मला काही कळेना. एकच किलवर असताना किलवर बोलायचंच कशाला? आणि बोललं तर ती फसवणूक नाही का?

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की ती बोली किलवरची नव्हतीच. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने किलवरची ती बोली दुसऱ्याच कामाला लावली, आणि तेव्हापासून ती तशी वापरतात. कोण हा माणूस, म्हणून मी शोधायला लागले. त्याच्या आईपासून सुरुवात केली आणि तिथेच दोन आठवडे अडकले. तुम्हालाही तिथूनच सांगते.

या माणसाचं नाव हॅरॉल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट. जन्म ६ जुलै १८८४, अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ. पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी होड्या आणि रेल्वे यांतून एवढा पैसा केला होता की त्यांच्या देणगीतून नॅशव्हिल गावात एक विद्यापीठच उभं राहिलं. घरात लक्ष्मी पाणी भरत होती म्हणा ना. पण घर सुखी होतं असं नाही.

आईचं नाव आल्व्हा. ही बाई म्हणजे एक वादळच. न्यूपोर्ट गावी समुद्राकाठी तिच्यासाठी नवऱ्याने संगमरवरी वाडा बांधला. १८८८ ते १८९२ अशी चार वर्षं काम चाललं आणि खर्च झाला एक कोटी दहा लाख डॉलर. वाडा तिला वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला. आणि तीन वर्षांनी, १८९५ साली, तिने त्याच नवऱ्याला घटस्फोट दिला. त्या काळी त्या समाजात घटस्फोटित बाईला कुणी दारात उभं करत नसे. आल्व्हाने पर्वा केली नाही.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने आपल्या अठरा वर्षांच्या मुलीचं, कॉन्सुएलोचं, लग्न इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लावून दिलं. मुलीच्या मनात दुसरंच कुणी होतं. आईने तिला कोंडल्यासारखं ठेवलं, धाक घातला आणि बोहल्यावर उभं केलं. एका हाताने स्वतःची बेडी तोडली आणि दुसऱ्या हाताने मुलीच्या पायात घातली! हॅरॉल्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता. घरात चाललेलं सगळं त्या वयाच्या मुलाला दिसत असतं, आणि विचारत मात्र कुणी नाही.

पुढे हीच आल्व्हा बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढायला उतरली. पैसा ओतला, मोर्चे काढले, संगमरवरी वाड्याच्या अंगणात सभा घेतल्या. नॅशनल विमन्स पार्टी या संघटनेची ती अध्यक्षा झाली. अमेरिकेत १९२० साली बायकांना मत मिळालं. (आपल्या मुंबई इलाख्यात १९२१ साली मिळालं, तेही मालमत्ता असलेल्या थोड्या बायकांनाच.) आणि १९२६ साली कॉन्सुएलोचं ते पहिलं लग्न चर्चकडून रद्द करून घ्यायचं ठरलं, तेव्हा आल्व्हाने स्वतः साक्ष दिली की मुलीवर जबरदस्ती मीच केली होती. मला विचाराल तर सगळ्या मोर्चांपेक्षा हे जास्त अवघड होतं. आपल्याकडे किती आया असं कबूल करतील? १९३३ साली ती गेली, तेव्हा तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या.

आता अशा आईच्या पोटी हा मुलगा. शांत, मोजून-मापून बोलणारा, प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडणारा. मित्र त्याला माइक म्हणत. हार्वर्डमध्ये शिकला, कायद्याचा अभ्यास केला, घराण्याच्या रेल्वेत काम केलं. आणि दोन नाद लागले, शिडाच्या होड्यांचा आणि पत्त्यांचा.

ब्रिज तेव्हाही होता, पण वेगळा. त्याला ऑक्शन ब्रिज म्हणत, म्हणजे लिलावाचा. कोणती पानं हुकूम, आणि आपण किती हात करू, याची बोली लागायची आणि चढती बोली जिंकायची. बोली सहाच्या वरच्या हातांची असते. एक बोललं म्हणजे सात हात, चार बोललं म्हणजे दहा. पण तिथे एक मेख होती. तुम्ही एक बोलून दहा हात केले तरी दहाचं पूर्ण श्रेय मिळायचं. मग कशाला कोण वर बोलेल? स्वस्तात घ्या आणि भरपूर पदरात पाडा. खेळात धाक उरला नव्हता.

जेवढं बोलला तेवढंच तुमचं, असा खेळ असावा हे बऱ्याच जणांना सुचलं होतं. फ्रान्समध्ये प्लाफाँ नावाचा तसा खेळ चालायचा. आणि गंमत म्हणजे आपल्या पुण्यातही! १९१२ साली पुण्यातल्या इंग्रज मंडळींनी असाच एक खेळ बसवला होता आणि सर ह्यू क्लेटन यांनी १९१४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात त्यावर लिहिलं होतं, अशी नोंद ब्रिजच्या इतिहासात आहे. पुण्यात काय काय पहिल्यांदा झालं याची यादी पुणेकरांकडे असतेच, त्यांनी हेही लिहून घ्यावं. पण तो खेळ तिथेच राहिला. जगभर गेला तो व्हँडरबिल्टचा.

कसा, ते ऐका.

१९२५ सालचा ऑक्टोबर. एक्केचाळीस वर्षांचा माइक तीन मित्रांना घेऊन फिनलँड नावाच्या बोटीने निघाला. लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला. दिवसभर समुद्र आणि पत्ते. ३१ ऑक्टोबरला बोट कालव्याच्या तोंडाशी बाल्बोआला पोचली, पण उशीर झाला होता. कालव्यात शिरता येईना आणि किनाऱ्यावरही उतरता येईना. वेसाव्याच्या जेटीवर मढला जाणाऱ्या फेरीची वाट बघताना आपली पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. इथे अख्खी रात्र काढायची होती.

त्या रात्री एका बाईबरोबर डाव मांडला गेला. ती म्हणाली, मी चीनमध्ये असा एक खेळ खेळले आहे, आणि तिने त्यातले एकेक चमत्कारिक नियम सुचवायला सुरुवात केली. माइकच्या एका मित्राने पुढे आठवण सांगितली ती अशी, की त्या नियमांनी माइक इतका वैतागला की दुसऱ्या दिवशी बोट कालव्यातून जात असताना त्याने बसून स्वतःच गुणांचं नवं कोष्टक तयार केलं. म्हणजे बघा, एका बाईने डोकं खाल्लं म्हणून जगाला नवा खेळ मिळाला! १ नोव्हेंबरला त्या कोष्टकाने पहिला डाव झाला. ह्यालाच पुढे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज म्हणू लागले. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे करार. बोललात तेवढंच मोजणार. बाराच्या बारा किंवा तेराच्या तेरा हात बोलून केलेत तर भलंमोठं बक्षीस, आणि बोलून पडलात तर दंड.

त्यात त्याने आणखी एक भर घातली. जी जोडी एक डाव जिंकून पुढे गेली तिची जोखीम वाढवायची. तिला दंड जास्त, बक्षिसंही मोठी. पुढे असलेल्याने जपून खेळावं आणि मागे असलेल्याला वर यायची संधी मिळावी. कल्पना फार सुरेख, पण या अवस्थेला म्हणायचं काय? चौघा पुरुषांना शब्द सापडेना. बोटीवरच्या एका तरुण मुलीने शब्द दिला, व्हल्नरेबल. म्हणजे जिला सहज इजा होऊ शकते अशी, उघड्यावर आलेली. तो शब्द आजही जगभर, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येसुद्धा, प्रत्येक डावाला उच्चारला जातो.

त्या मुलीचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. शब्द तिने दिला हे माइकने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, पण नाव मात्र चौघांपैकी एकालाही आठवलं नाही. बोटीचं नाव आठवलं. बंदर, तारीख, मित्रांची नावं, सगळं आठवलं. मोठा सभ्य माणूस होता, मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण ही गोष्ट मला खटकते ती खटकतेच. गुणांचं कोष्टक मांडणाऱ्याचं नाव चषकावर कोरलं जातं. शब्द देणारी मुलगी हवानाला उतरून गेली.

घरी परतल्यावर माइकने कोष्टक टाइप करून घेतलं आणि वेगवेगळ्या गावांतल्या मित्रांना प्रती दिल्या. जाहिरात नाही की काही नाही. दोन-तीन वर्षांत जुना खेळ मागे पडला आणि हा सुरू झाला. १९२८ साली त्याने एक चषक ठेवला. व्हँडरबिल्ट चषकाची ती स्पर्धा अमेरिकेत अजून होते. स्वतः देणगी दिलेला चषक त्याने स्वतः दोनदा जिंकला, १९३२ आणि १९४० साली. आपल्याकडे असं झालं असतं तर लोक काय काय बोलले असते! पण त्याच्या खेळाबद्दल कुणी शंका घेतली नाही.

आता येऊ त्या एक किलवरकडे. इथे जरा सावकाश वाचा. भाजी फोडणीला टाकलेली असेल तर आधी गॅस बारीक करा.

ब्रिजमध्ये पानांना क्रम आहे. सगळ्यात खाली किलवर, मग चौकट, मग बदाम, मग इस्पिक आणि सगळ्यात वर बिनहुकमी. एक किलवर ही सगळ्यात लहान बोली. तिच्यावर कुणीही काहीही बोलू शकतं. बोली म्हणजे जिनाच समजा. एकदा वर चढलात की खाली येता येत नाही. आणि प्रत्येक पायरीवर तुम्ही भिडूला आपल्याकडे काय आहे ते थोडं थोडं सांगत असता, कारण तोंडाने दुसरं काही सांगायला बंदी. नाक खाजवायचं नाही, कान ओढायचा नाही.

आता समजा तुमच्याकडे खूप चांगली पानं आली. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. गड्डीत सगळे मिळून चाळीस, म्हणजे सरासरी दहा माणशी. तुमच्याकडे आले एकोणीस किंवा वीस. सरळ माणूस काय करेल? मोठ्याने ओरडेल. एकदम दोनची, तीनची बोली लावेल, म्हणजे भिडूला कळावं. पण मग जिन्याच्या निम्म्या पायऱ्या एका उडीत गेल्या. भिडूने तिच्याकडे काय आहे हे सांगायचं कुठे? जागाच उरली नाही. जिथे खूप काही मिळण्यासारखं आहे, तिथेच दोघांना बोलायला सगळ्यात कमी जागा!

व्हँडरबिल्टने हे उलटं केलं. पानं सगळ्यात जड असतील तेव्हा बोली सगळ्यात लहान लावायची, एक किलवर. किलवर हातात असो वा नसो. त्या बोलीचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे खूप आहे, तू सावकाश सांग. भिडूकडे काही नसेल तर तिने एक चौकट म्हणायचं. त्याचाही चौकटशी संबंध नाही, अर्थ फक्त माझ्याकडे काही नाही. दुसरं काहीही बोलली तर तिच्याकडेही थोडंफार आहे. अजून पहिल्याच पायरीवर आहोत, आणि दोघींना एकमेकींच्या घरातली परिस्थिती कळली. आता सवकाशीने चढा.

१९२९ साली त्याने पुस्तक लिहून ही पद्धत मांडली. अशा बोलीला कृत्रिम बोली म्हणतात. म्हणजे जे नाव घेतलं ते सांगायचं नाही, दुसरंच काही सांगायचं.

मग ही फसवणूक नाही का? माझा पहिल्या दिवशीचा प्रश्न हाच होता. नाही, आणि कारण मला फार आवडलं. या बोलीचा अर्थ समोरच्या जोडीलाही माहीत असतो. माहीत नसेल तर विचारता येतो, आणि खरं सांगावंच लागतं. भिडूला कळतं तेवढंच विरोधकाला कळलं पाहिजे, असा नियमच आहे. आमच्या मेंढीकोटच्या खुणा चोरून होत्या म्हणून ती लबाडी. ही खूण उघड्यावर, सगळ्यांसमोर, म्हणून ती भाषा. आपल्या घरात नाही का, पाहुणे बसलेले असताना सासूबाई दूध आहे का गं विचारतात आणि त्याचा अर्थ चहा टाक असा असतो. पाहुण्यांनाही तो कळतोच!

इतकी हुशार कल्पना, पण चालली नाही. कारण त्याच सुमाराला ईली कल्बर्टसन नावाचा माणूस अवतरला. बोलका, नाटकी, जाहिरातीत पटाईत. त्याची बायको जोसेफिन ही अत्यंत शांत आणि कसलेली खेळाडू. मोठ्या स्पर्धांमध्ये नाव कमावणारी ती पहिली स्त्री. १९३१च्या डिसेंबरात या जोडीने न्यूयॉर्कला एक सामना खेळला. तो आठवडे न् आठवडे चालला, आणि वर्तमानपत्रं रोजच्या डावांच्या बातम्या देत होती. कल्बर्टसनच्या पद्धतीत जड पानांची बोली सरळच होती, जे आहे तेच, पण दोनपासून. घरोघरच्या बायकांनी ती शिकून घेतली. किलवर म्हणजे किलवर, हे लक्षात ठेवायला सोपं! व्हँडरबिल्टची उलटी भाषा मोजक्या लोकांपुरती राहिली. त्याने तक्रार केली नाही, भांडला नाही, आणि पद्धतही सोडली नाही. त्याच काळात डेव्हिड बर्नस्टाइन या खेळाडूने मधली वाट काढली. अतिशय जड पानांसाठी दोन किलवर ही एकच कृत्रिम बोली ठेवायची. ती मात्र रुळली. आज बहुतेक ठिकाणी नवशिक्यांना हीच शिकवतात.

मधल्या वर्षांत माइक समुद्रावर होता. अमेरिकाज कप ही शिडाच्या होड्यांची सगळ्यात मानाची शर्यत त्याने तीनदा जिंकली, १९३०, १९३४ आणि १९३७ साली. पहिल्या वेळी समोर होते चहावाले सर थॉमस लिप्टन. हो, तेच, डब्यावरचे! त्यांचा तो पाचवा आणि शेवटचा प्रयत्न. या होड्यांची डोलकाठी दीडशे फुटांहून उंच असायची. माझ्या गच्चीतून वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या होड्या दिसतात, त्या खेळणी वाटाव्यात अशा. तिथेही त्याचं हिशेबी डोकं चालूच. शर्यतीच्या रेषेपासून आधी उलट दिशेला जायचं, घड्याळ लावून नेमक्या सेकंदाला वळायचं, आणि सुरुवातीचा बार होताना भर वेगात रेषेवर हजर. ही युक्ती त्याच्या नावानेच ओळखली जाते. होड्यांच्या शर्यतीत कुणी कुणाला वाट द्यायची याचे नियमही त्याने नव्याने लिहिले. जिथे जाईल तिथे नियम लिहायचा हा माणूस!

१९३४ची शर्यत तेवढी वेगळी. पहिल्या दोन फेऱ्या तो हरला, तिसरीतही मागे पडला. तेव्हा त्याने सुकाणू एका सहकाऱ्याच्या हातात दिलं आणि स्वतः खाली निघून गेला. सहकाऱ्याने ती फेरी जिंकून दिली आणि मग बाजी फिरली. चार विरुद्ध दोन. पैसेवाल्या, नामवंत माणसाला ऐन वेळी दुसऱ्याच्या हातात सुकाणू देता येणं, ही मला त्या तीन विजयांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. पण माझं होड्यांतलं ज्ञान मढच्या फेरीपुरतंच आहे, तेव्हा सोडून द्या.

आई गेली त्याच वर्षी, १९३३ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने लग्न केलं. बायको फिलाडेल्फियाची, गर्ट्रूड कॉनवे. मूलबाळ झालं नाही. १९३७च्या शर्यतीत ती नुसती काठावर उभी नव्हती, होडीवर होती.

पुढची वर्षं थोडक्यात. १९५४ साली घराण्याच्या रेल्वेवरचा ताबा गेला. भागधारकांच्या मतदानात तो हरला. नॅशव्हिलच्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचं अध्यक्षपद त्याने १९५५ ते १९६८ सांभाळलं. आणि १९६३ साली एक गोष्ट केली. आईचा संगमरवरी वाडा केव्हाच विकला गेला होता. न्यूपोर्टच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला त्याने तो विकत घेण्यासाठी पैसे दिले. आज तो वाडा लोकांना बघायला खुला आहे, आणि बायकांच्या सभा व्हायच्या ती जागाही दाखवतात. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या मुलाला ते घर पुन्हा आपल्या नावावर नको होतं. पडू नये एवढंच हवं होतं.

आणि किलवरचं काय झालं? १९५७ सालापासून इटलीचा संघ ब्रिजमध्ये जगाला हरवायला लागला. बर्म्युडा बोल नावाची जागतिक स्पर्धा त्यांनी ओळीने दहा वेळा जिंकली, १९६९ पर्यंत. त्यांच्या पद्धतींच्या मुळाशी काय होतं? एक किलवर म्हणजे जड पानं! व्हँडरबिल्टची कल्पना समुद्र ओलांडून पस्तीस-चाळीस वर्षांनी जिंकून परत आली होती. त्याने १९६४ साली, ऐंशीव्या वर्षी, आपली पद्धत सुधारून पुन्हा पुस्तक काढलं.

१९६९ साली रिओला आणखी एक नवल घडलं. तैवानचा संघ, ज्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं, थेट अंतिम फेरीत गेला. त्यांची पद्धत प्रिसिजन, तीही एक किलवरचीच, सोळा गुणांपासून पुढे. ती बसवणारे सी. सी. वे हे मूळचे चीनमधले, जहाजांच्या धंद्यातले. स्वतः ते काही फार मोठे खेळाडू नव्हते. पण त्यांची बायको कॅथी वे, नर्सचं शिक्षण घेतलेली बाई, ही पद्धत खेळून जागतिक विजेती झाली. बाल्बोआच्या त्या रात्री चीनमधला खेळ सांगणाऱ्या बाईचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांनी चीनहून आलेल्या एका जोडप्याने त्याच माणसाची बोली जगाला शिकवली.

आमच्या काकू प्रिसिजनच खेळतात. मुंबईत ब्रिज खेळणाऱ्या बायका काही कमी नाहीत. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आला, तेव्हा कांस्य पदक मिळवणाऱ्या आपल्या मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. त्या दिवशी काकूंनी सगळ्यांना पेढे वाटले होते म्हणे.

हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ४ जुलै १९७० ला न्यूपोर्टला गेला. शहाऐंशी पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. चषक जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्याची छोटी प्रतिकृती घरी नेता यावी, म्हणून त्याने वेगळे पैसे ठेवले होते.

गेल्या रविवारी माझ्याकडे पहिल्यांदाच एकोणीस गुण आले. तळव्याला घाम आला होता. मी एक किलवर बोलले, किलवरची दोनच पानं असताना. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एक चौकट म्हणाल्या. म्हणजे त्यांच्याकडे काही नव्हतं. मी एक बदाम बोलले आणि त्यांनी पास केलं. मोजून सात हात झाले.